चौदा बाय वीसचं अंगण, आणि झाड एकच

प्रश्न: आम्ही सोलापूर शहराच्या कडेला नवीन घर बांधलं आहे. पुढचं अंगण घरापासून कंपाउंडपर्यंत १४ फूट आणि लांबीला २० फूट. घराचं तोंड पश्चिमेला. माती काळी, पाणी बोअरचं आणि जड. उत्तरेच्या कोपऱ्यात जमिनीखाली ६ बाय ६ फुटांची पाण्याची टाकी आहे. कंपाउंडच्या बाहेरून विजेच्या तारा जातात. एकच फुलझाड लावायचं आहे, फार तर १५ फुटांचं. सासूबाईंना प्राजक्त हवा, मुलीला गुलमोहर. नर्सरीवाले म्हणतात बहावा न्या, नाहीतर सोनचाफ्याचं कलम न्या. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे. कचरा कमी व्हावा, दुपारी थोडी सावली मिळावी आणि फुलं बघायला दहा वर्षं थांबायला लागू नये. काय लावावं?
– एक वाचक, सोलापूर

ताई, नमस्कार.

प्राजक्त लावा. सासूबाईंचा शब्द मोडू नये म्हणून नव्हे; तुम्ही कळवलेल्या मापांत आणि मातीत, मागितलेल्या चार झाडांपैकी तोच बसतो म्हणून. पण दोन अटी आहेत. काळ्या मातीत तो सपाट जमिनीत न लावता उंचवट्यावर लावायचा, आणि दर फेब्रुवारीत न चुकता छाटायचा. दुपारच्या सावलीची आशा मात्र सोडा. सोलापूरला सावली हवी असते ती मार्च ते मे, आणि नेमका तेव्हाच प्राजक्त विरळ झालेला, पानं लोंबलेली, अगदी केविलवाणा दिसतो. पश्चिमेच्या उन्हासाठी खिडकीवर बांबूच्या काड्यांचा पडदा (चीक) लावा किंवा एखादा वेल मांडवावर चढवा. १५ फुटांच्या आतल्या फुलझाडाकडून फुलं आणि उन्हाळ्यातली गच्च सावली, दोन्ही मिळणं अवघड.

आता मापं. नर्सरीत गेल्यावर सगळे उंची विचारतात, घेर कोणी विचारत नाही, आणि छोट्या अंगणात भांडण होतं ते घेरावरून. तुमच्या १४ फुटांच्या मधोमध झाड लावलं तर दोन्हीकडे ७-७ फूट मिळतात. म्हणजे ज्याचा घेर १२ फुटांत राहतो किंवा छाटून ठेवता येतो, असंच झाड चालेल. लांबीच्या २० फुटांतले ६ टाकीने घेतले, उरले १४. दक्षिणेच्या भिंतीपासून ६ फूट सोडून बुंधा ठेवलात की टाकीची कडा ८ फुटांवर राहते. तेव्हा जागा ठरली: घरापासून ७ फूट, दक्षिणेच्या भिंतीपासून ६ फूट. फाटक कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते दक्षिणेच्या बाजूलाच असेल तर झाड दोन फूट उत्तरेला सरकवा; टाकीपासूनचं अंतर ६ फुटांवर आलं तरी चालेल, त्याहून कमी नको. याच बाजूला जागा धरण्याचं आणखी एक कारण म्हणजे ऊन. पश्चिममुखी घर सकाळचं ऊन अडवतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे अंगणाच्या दक्षिण टोकाला ऊन लवकर पोचतं. प्राजक्ताच्या ऐन बहरात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हे एक-दोन तासांचं जादा ऊन फुलांच्या संख्येत दिसतं. दिवसाला निदान पाच-सहा तास ऊन मिळालं नाही तर झाड नुसतं पानांनी वाढतं.

खणण्याआधी गवंड्याला किंवा कंत्राटदाराला सांडपाण्याची लाईन आणि टाकीकडे येणारा पाइप कुठून गेलाय ते विचारा. नव्या घरात हे सांगणारा माणूस अजून फोनवर सापडतो. पाच वर्षांनी सापडत नाही.

निवड आत्ताच नीट करा, कारण चुकीचं झाड नंतर तोडणं तुमच्या एकट्याच्या हातात राहत नाही. महाराष्ट्रात शहरी भागासाठी १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. त्यानुसार स्वतःच्या कंपाउंडमधलं झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.

गुलमोहराला त्याच कारणासाठी नाही म्हणा. हे मादागास्करचं झाड. तीस-चाळीस फूट उंच जातं आणि उंचीपेक्षा रुंद पसरतं, छत्रीसारखं. मुळं वरच्या थरात धावतात. फरशी, पेव्हर ब्लॉक, कंपाउंडचा पाया, जे आडवं येईल ते उचलतात. लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडून पडतात. तुमच्या बाबतीत त्या एक तर तारांवर पडतील, नाहीतर रस्त्यावरच्या गाड्यांवर. मुलीची समजूत कशी काढायची ते शेवटी सांगतो.

बहावा हे आपल्याकडचं चिवट, कमी पाण्यावर जगणारं आणि एप्रिल-मेमध्ये वेड लावणारं झाड आहे. मोठ्या प्लॉटवर, सोसायटीच्या मोकळ्या जागेत किंवा शेताच्या बांधावर ते डोळे मिटून लावावं. पण बियांपासून केलेला बहावा फुलायला बरीच वर्षं घेतो आणि पुढे पंचवीस-तीस फुटांवर जातो. तुमच्या तारा बाहेरून जातात. पावसाळ्याआधी तारांखालच्या फांद्या तोडायला माणसं येतात, ती झाडाचा आकार बघत नाहीत, तारेचं अंतर बघतात. बहाव्याचा शेंडा दरवर्षी असा उडवला की त्याच्या लोंबत्या घोसांची सगळी शोभा जाते. उरतो तो खुंटावर फुटलेला झाडू. शिवाय हातभर लांब काळ्या शेंगा वर्षभर टपकत राहतात आणि त्यातला गर जुलाब लावणारा आहे. तीन वर्षांचं पोर घरात असताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

सोनचाफ्याबद्दल नर्सरीवाल्यांनी अर्धं बरोबर सांगितलं. बियांच्या रोपाला सात-आठ वर्षं लागतात आणि झाड आभाळाला भिडतं. कलमाला वर्ष-दीड वर्षात फूल येतं आणि ते छाटून सात-आठ फुटांत ठेवता येतं. अडचण तुमच्या मातीची आहे. सोनचाफ्याला कोकणातल्यासारखी आंबट, निचऱ्याची, तांबडी माती आणि हवेत दमटपणा लागतो. चुनखडीच्या काळ्या मातीत आणि जड पाण्यावर मुळांना लोह उचलता येत नाही. मग नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पुढे कडा करपतात आणि मे महिन्यात कलम मान टाकतं. लोक त्याला खत कमी पडलं समजून आणखी खत घालतात. हौसच असेल तर तांबडी माती आणून मोठ्या कुंडीत लावा, कुंडीला दुपारनंतर सावली द्या आणि पावसाचं साठवलेलं पाणी घाला. जमिनीत नको.

कण्हेर आणि बिट्टी सोलापूरच्या उन्हात सगळ्यांत सुखाने वाढतात, वर्षभर फुलतात, पाणी मागत नाहीत. कोणीतरी तुम्हाला सुचवणारच. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत ती दारात नकोत. कण्हेरीचे सगळेच भाग विषारी आहेत, आणि बिट्टीच्या फळातली बी तर फार घातक; ती फळं खेळायला घ्यावीशी वाटतात हेच वाईट.

पांढरा कांचन मात्र नजरेआड करू नका. सहा-आठ फुटांत मावतो, कचरा कमी करतो. फुलाला वास जवळजवळ नाही, म्हणून सासूबाईंना तो पटायचा नाही. शिवाय दसऱ्याला शेजारीपाजारी आपटा समजून त्याची पानं ओरबाडून नेतील, दोन्हींची पानं सारखीच जोडपाकळीची असतात ना. घेणार असाल तर फूल बघूनच घ्या. पांढरा म्हणून जांभळा कांचन गळ्यात मारला जातो आणि तो वीस-पंचवीस फुटांवर जातो.

आता प्राजक्ताकडे वळू. हा मूळचा मध्य भारतातल्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या कोरड्या, दगडगोट्यांच्या उतारांवरचा. त्याला उन्हाळा सोसतो, हलकी माती सोसते, कमी पाणी सोसतं. मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. तुमच्याकडे प्राजक्त मेला तर तो उन्हाने मरणार नाही, ऑगस्टमध्ये पाण्याने मरेल. पानं अचानक मलूल होतात, माणूस म्हणतो तहान लागली असेल आणि आणखी एक बादली ओततो.

नर्सरीत रोप ओळखायला पानावरून बोट फिरवा. पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागलं पाहिजे. कोवळी फांदी चौकोनी असते, गोल नव्हे. बोटांत फिरवली की कळते. पानं समोरासमोर जोडीने येतात. उंचीच्या मोहात पडू नका. काळ्या पिशवीत सहा फूट गेलेलं काडीसारखं रोप घेण्यापेक्षा अडीच-तीन फुटांचं, करंगळीएवढ्या बुंध्याचं, खालून दोन-तीन फांद्या फुटलेलं रोप घ्या. पिशवी उचलून तळ बघा. जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसलेली असतील तर ते रोप तिथे फार दिवस पडून आहे. ते उपटताना मुळं तुटतात आणि घरी आल्यावर महिनाभर बसून राहतं. पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. तसलं रोप नको. ‘बारमाही प्राजक्त’ म्हणून जादा पैसे मागितले तर उन्हाळ्यात फुललेलं झाड दाखवा म्हणा. चांगलं रोप जूनमध्ये लावलं की बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याअखेर मनासारखी फुलं देतं. पहिल्या वर्षी दिसली तर चार-दोन.

खड्डा मे महिन्यात खणा, २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल, आणि पंधरा दिवस उन्हात तापू द्या. घर नवीन आहे, तेव्हा त्या जागी विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, चुना निघणारच. सगळं वेचून बाहेर काढा. मुळाशी राहिलेलं सिमेंट आधीच चुनखडीच्या मातीत आणखी भर घालतं. मग एक परीक्षा करा: खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. तळाशी पाणी दिसलं तर निचरा वाईट आहे. तुमच्याकडे दिसेलच असं धरून चला.

अशा वेळी लोक खड्ड्यात वाळू भरतात. ते उलट अंगाशी येतं. चारही बाजूंनी चिकण माती आणि मध्ये वाळू म्हणजे पावसाळ्यात आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं. त्याऐवजी पहारीने खड्ड्याच्या बाजू आणि तळ जागोजागी फोडा, गुळगुळीत भिंती राहू देऊ नका. भरताना निघालेलीच माती वापरा, पण तीन घमेली मातीला एक घमेलं बारीक मुरूम आणि एक घमेलं शेणखत या प्रमाणात मिसळून. वर निंबोळी पेंड अर्धा ते एक किलो. वाळवीसाठी ती हवीच. शेणखत पूर्ण कुजलेलं, हातात चुरलं की भुरभुरणारं आणि शेणाचा वास गेलेलं असावं. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या येतात, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या. त्या मुळं कुरतडतात आणि रोप का सुकलं ते कळतही नाही. खत घालण्यापूर्वी घमेल्यात उलटसुलट करून बघा, दिसल्या तर वेचून टाका.

खड्डा जमिनीच्या बरोबरीने भरून थांबू नका. त्याच मिश्रणाचा साधारण चार फूट व्यासाचा, मधोमध एक फूट उंच उंचवटा करा आणि रोप त्याच्या माथ्यावर लावा. माती दबून महिन्याभरात तीन-चार इंच खाली बसते, म्हणून सुरुवातीला फूटभर उंची लागते.

लावणी जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर, जमीन वीतभर ओली झाल्यावर, संध्याकाळी. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा. ओढून काढली की मातीचा गोळा फुटतो. गोळ्याभोवती मुळं गोल गोल फिरलेली असतील तर तीन-चार ठिकाणी उभा काप द्या. ती तशीच ठेवली तर चार-पाच वर्षांनी स्वतःच्याच बुंध्याला आवळतात. पिशवीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच रोप पुरा, बोटभरही खोल नाही. मातीत दडलेला बुंधा कुजतो. एक बांबू गोळ्याच्या बाहेर रोवून सुतळीने इंग्रजी आठासारखा सैल वेढा द्या आणि वर्षभराने बांबू काढून टाका.

पाणी घालण्याचं आळं बुंध्याला लागून नको. उंचवट्याच्या कडेने, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर गोल चर काढा आणि पाणी त्यात सोडा. लावल्या दिवशी पंधरा लिटर. पावसाळ्यात आठ-दहा दिवस उघडीप असली तरच पाणी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाच-सहा दिवसांनी पंधरा लिटर, मार्च ते मे तीन दिवसांनी वीस लिटर. हे पहिल्या दोन वर्षांचं. तिसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी पुरतं. रोज तांब्याभर घालण्याची सवय लावू नका. तेवढ्याने मुळं वरच्या वर राहतात. सासूबाई सकाळी झाडाला पाणी घालणार असतील तर तांब्या चरात रिकामा करायला सांगा आणि दिवा बुंध्यापासून हातभर लांब ठेवायला सांगा. सालीला धग लागली की तिथून कीड शिरते.

चरावर आणि उंचवट्यावर उसाचं पाचट अंथरा, तीन-चार इंच जाड, बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवून. तुमच्या भागात पाचटाला तोटा नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगा कोवळी मुळं अक्षरशः तोडतात. पाचटाखाली ओल टिकते, भेगा पडत नाहीत.

एक गोष्ट आत्ताच ठरवून टाका. अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना झाडाभोवती ४ बाय ४ फूट जागा मातीचीच राहू द्या. मिस्त्री सुबक दिसावं म्हणून बुंध्याला टेकवून ब्लॉक बसवतात. त्याहून वाईट म्हणजे दोन वर्षांनी हौसेने बांधलेला पार. पार बांधतात, आत दीड फूट माती भरतात, बुंधा तेवढा गाडला जातो आणि झाड हळूहळू वाळतं. तोवर पाराचा आणि वाळण्याचा संबंध कोणाच्या डोक्यात येत नाही. पार हवाच असेल तर उंचवट्याच्या बाहेरून चार बोटांची कड बांधा, पाणी बाहेर पडायला खालून दोन भोकं ठेवा आणि आत नवी माती टाकू नका.

छाटणी चुकली की फुलं चुकली. प्राजक्ताला फूल येतं ते त्याच वर्षी फुटलेल्या कोवळ्या फांद्यांच्या टोकाला. फेब्रुवारीत, बहर संपून चपट्या गोल बोंडांचे वाळलेले घोस फांदीवर लटकत असतात, तेव्हा सगळ्या फांद्या एक-तृतीयांश कापायच्या. आत घुसलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढायच्या. मार्च-एप्रिलमध्ये फूट येते, पावसाळ्यात ती वाढते आणि सप्टेंबरात तिच्याच टोकावर कळ्या बसतात. गणपतीच्या आधी घर-अंगण साफसूफ करताना झाडही ‘जरा नीट’ करायची हुक्की येते. तेव्हा जे कापाल ते फुलांचं टोकच असेल. पहिल्या वर्षी रोप चार फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या धरतील. त्यातल्या तीन-चार जोरदार ठेवा, बुंध्यातून येणारे फुटवे काढत चला. खालून वाकून जाता यावं असं वाटत असेल तर शेंडा पाच फुटांवर खुडा. असं छाटलेलं झाड दहा-बारा फुटांत आणि तितक्याच घेरात राहतं. तारांपर्यंत पोचत नाही.

खत कमीच. जूनमध्ये दोन किलो गांडूळखत, बहर संपल्यावर छाटणीनंतर आणखी तेवढंच. युरियाची मूठ टाकली की पानं हातभर होतात आणि कळ्या रुसतात. जड पाण्याने नवी पानं पिवळसर आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर चिलेटेड लोह एक लिटर पाण्याला एक ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीत टाकलेलं साधं हिराकस (फेरस सल्फेट) तुमच्या चुनखडीत वाया जातं. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपने त्या चराकडे वळवता आलं तर फारच छान, जमिनीतले साचलेले क्षार धुऊन जातात. मात्र जास्तीचं पाणी पुढे वाहून जायला वाट ठेवा.

आता या झाडाचा खरा त्रास. पावसाळ्यात प्राजक्तावर केसाळ सुरवंट येतात. रात्री पानं खातात आणि दिवसा बुंध्यावर एकाला एक चिकटून घोळक्याने बसतात. लांबून सालीचाच डाग वाटतो. हात लागला की खाज, पुरळ. जुलै-ऑगस्टमध्ये दर दोन दिवसांनी बुंधा आणि फांद्यांच्या बेचक्या बघा. घोळका दिसला की दिवसाच, हातमोजे घालून, जुन्या खराट्याने साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. दिवसा ते एका जागी असतात, म्हणून दोन मिनिटांचं काम होतं. रात्री झाडभर विखुरल्यावर काही करता येत नाही. अंड्यातून नुकत्या निघालेल्या बारीक अळ्यांवर निंबोळी तेल लिटरला पाच मिली, त्यात थोडा पातळ साबण, संध्याकाळी फवारलं तर उपयोग होतो. मोठे केसाळ झालेले त्याला दाद देत नाहीत. जाळून टाकायचा आगाऊ उपाय कोणी सुचवला तर करू नका, साल होरपळते आणि केस हवेत उडतात. एवढे दोन महिने मुलाला झाडाखाली खेळू देऊ नका. झाड स्वतः विषारी नाही, ही जमेची बाजू.

कचरा होतो, पण तो फुलांचा. संध्याकाळी कळ्या उमलतात, पहाटे सडा पडतो. देवाला वाहायची फुलं जमिनीवरून वेचलेली चालतात, ती सूट प्राजक्तालाच आहे. रात्री झाडाखाली जुनी सुती साडी पसरून ठेवली तर सकाळी चार टोकं उचलून फुलं स्वच्छ मिळतात आणि झाडायचंही वाचतं. मोटारसायकल मात्र खाली लावू नका. ओल्या फुलांचे केशरी देठ चिरडले की रंग सोडतात. पूर्वी त्यांनी रेशीम रंगवत असत, तुमची पांढरी फरशीही रंगेल.

सुरवंटांची धास्ती असेल किंवा छाटणी जमणार नसेल, तर दुसरा पर्याय पांढरा चाफा, गोल टोकाच्या पानांचा. टोकदार पानांचा चाफा डिसेंबर ते मार्च पूर्ण निष्पर्ण होतो, हा बराचसा हिरवा राहतो. उन्हाला, जड पाण्याला, विसरलेल्या पाण्याला तो प्राजक्तापेक्षाही चिवट आहे. दीड फुटाची राखाडी सालीची जून फांदी एप्रिलमध्ये कापा, चीक वाळेपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत आडवी ठेवा, मग चार इंच खोल रोवा आणि नवी पानं दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने घाला. ताजी कापून लगेच ओल्या मातीत खुपसली की खालून मऊ पडून सडते. उंचवटा इथेही हवा. पावसाळ्याच्या शेवटी पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसेल, तो तांबेरा. ती पानं काढून जाळा, झाडाखाली कुजू देऊ नका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलाला फांद्या मोडू देऊ नका. नर्सरीत ‘चाफा’ म्हणून हल्ली बाटलीच्या आकाराच्या पानांचा, पांढऱ्या गुच्छांचा प्रकार सर्रास देतात. तो वर्षभर फुलतो, पण त्याला वास नसतो. विचारून घ्या.

मुलीसाठी शंकासूर. फूल गुलमोहराच्याच वळणाचं, लाल-पिवळं, आणि बहुतेक वर्षभर. जमिनीत तो आठ-दहा फूट होतो. दोनशे लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप अर्धं कापून, तळाला सात-आठ भोकं पाडून त्यात लावला आणि वर्षातून दोनदा गुडघ्याइतका छाटला तर चार-पाच फुटांत राहतो. पिंप टाकीच्या शेजारी जमिनीवर ठेवा. स्लॅबवर ठेवायचंच असेल तर टाकीच्या भिंतीच्या वर, कडेला; ओल्या मातीचं अर्धं पिंप दीडशे किलोपर्यंत भरतं आणि टाकी धुवायच्या दिवशी ते हलवायला माणसं लागतात. फांद्यांना काटे असतात, त्यामुळे जायच्या-यायच्या वाटेवर नको. शेंगा हिरव्या असतानाच कापून टाका, म्हणजे बिया धाकट्याच्या हाती लागणार नाहीत आणि फुलंही जास्त येतील. रोप विकत आणायची गरज नाही. ओळखीच्या झाडाच्या चार-पाच वाळलेल्या बिया मिळवा, कडक कवच एका बाजूला पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्याच अर्धा इंच खोल पेरा. न फुगलेल्या पुन्हा घासून भिजवा. जूनमध्ये पेरलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुलीला तिचं लाल फूल मिळायला हरकत नाही.